पितळी गुंडाचा सूर

३ जून
त्या दिवशी सकाळी सगळं रोजचंच होतं. अंगण झाडलं, सडा टाकला, चहा ठेवला आणि गुंड घासायला घेतला. चिंच, राख, नारळाची शेंडी. सासूबाईंचा पितळी गुंड, पाण्याचा, कडेवर घेतला की कंबर वाकायची. खंगाळून ओट्यावर ठेवताना त्याच्या काठाला पळी लागली, तो वाजला, आणि आत भिंतीवरची गिटार हुंकारली. कोणी हात न लावता. हे दाढी करत होते. गालावर साबण तसाच ठेवून म्हणाले, "पाह्य, बोलली तुह्या गुंडासंग."
सतरा-अठरा वर्षं झाली असतील. नंतर तसं रोजच व्हायचं, मग त्याचं काही वाटेनासं झालं.
आज आठवायचं कारण, दुपारी भेंडी चिरत होते आणि आतून टण्णकन आवाज आला. लाल गिटारची सगळ्यात बारीक तार तुटून लोंबत होती. कोणी नव्हतं खोलीत.
ती ह्यांनी जुळवलेली तार होती. हे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी. दोन वर्षं मी त्या खुंट्यांना कोणाला हात लावू दिला नाही. पाच उरल्या.

४ जून
तार काढली नाही. झाडू मारताना डोळ्यासमोर हलते.

६ जून
गिटारी दोन आहेत. काळी जुनी, तिच्यावर हे शिकले, राइस मिलमधून आल्यावर, एकटेच. लाल नाटकाची. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की हिला घेऊन गावोगाव.
लाल आतल्या भिंतीवर, स्वयंपाकघराला लागून. खिळ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, मान घासू नये म्हणून. काळी खोळीत, धानाच्या कोठीवर आडवी. उन्हाळ्यात कूलरचं वारं दोघींना लागू द्यायचं नाही. पावसाळ्यात खोळीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची, दर पंधरा दिवसांनी बदलायची. ह्यांचं पाहून पाहून शिकले, तसंच करते.
वाचनालयात वाद्यांवरचं एक पुस्तक मिळालं. सगळा तंबोरा आणि सतार. गिटारला दीड पान. दोनदा वाचलं. मी वाचायलाच शिकले ते ह्यांच्या नाटकाच्या वह्यांवरून, म्हणून अजून कोणतंही पुस्तक मनात मोठ्यानं वाचते. तुटलेल्या तारेबद्दल त्यात काही नाही.

९ जून
वामनभाऊ आले. ह्यांच्यासोबत वीस वर्षं एकाच नाटक मंडळीत पेटी वाजवली त्यांनी. तार तुटल्याचं मीच कळवलं होतं. गिटार उचलून, एक डोळा मिटून, काठी सरळ आहे का बघतात तसं बघितलं.
"वहिनी, मान वाकून राहिली ना हिची. दोन वर्षं अशाच ताणून ठेवल्या का तारा?"
"हात नाही लावला."
"म्हणूनच तं वाकली! माणूसही इतका ताणून ठेवला तं वाकते. पावसाच्या आधी ढिल्या करा. मी नव्या तारा आणतो, मोबाईलवर सूर लावून देतो. दहा मिनिटाचं काम."
मी गिटार परत खिळ्याला लावली. त्यांना वाटलं विश्वास नाही. कोठीवरून काळी काढली, मोबाईल पुढे ठेवला, खुंट्या पिळत गेले. प्रत्येक तारेला मोबाईलवर हिरवा दिवा. मग छेडून दाखवली. चांगली वाजत होती. शेजारच्या घरातून ऐकू यावी तशी.
"ह्यांची अशी नव्हती," म्हटलं.
हसले. "त्याची कुठून राहीन? तो घरी अर्धा सूर खाली ठेवे. नाटकात आला का मानेवर चिमटा लावून आमच्या सुरात ये. पडदा पडला का चिमटा खिशात. मी म्हणो, काहून गा, सरळ खुंटी पिळून ठेव ना. तं म्हणे, घरचा सूर राहू दे घरचा. कोणता सूर होता तो घरचा, त्यालेच ठाऊक."
मलाही ठाऊक होतं. सांगितलं नाही. चहात साखर घालायची राहिली, ते तसाच प्यायले.

१० जून
गुंड घरात नाही.
तेरवीला ह्यांच्या नावानं पाण्यानं भरलेलं भांडं द्यायचं होतं. सगळे म्हणत होते, बाजारातून नवं आणा. मीच म्हटलं, त्यांच्या आवडीचं द्यायचं. आणि गुंड कुसुमताईंना दिला. ह्यांची मोठी बहीण, भंडाऱ्याला राहते. माझ्या हातानं दिला, नमस्कार करून. तेव्हा डोकं ठिकाणावर कुठे होतं.
महिन्याभरानं स्टीलची कळशी ओट्यावर ठेवली. काठाला पळी लागली. आत सगळं चूप. तेव्हा समजलं काय देऊन बसले.
दान परत मागत नाहीत. मागितलं तर ज्याच्या नावानं दिलं त्याला...
तरी तेव्हा वाटलं, तारा तर आहेत. त्यांच्या हातच्या.

१५ जून
दमट हवा. पुरचुंडीतले तांदूळ मऊ पडले. गावात सगळ्यांना धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची घाई, माझं बांधावर लक्षच नाही.
लालच्या पाचही तारा आज ढिल्या केल्या. वामनभाऊंना बोलावलं नाही. करायचंच तर मीच. जाड तारेपासून सुरुवात केली. खुंटी फिरवत गेले तशी ती खाली खाली गेली, मग म्हाताऱ्या माणसासारखी घरघरली, मग नुसती तार राहिली. प्रत्येकीला ढिली करायच्या आधी एकदा वाजवून घेत होते. दोन वर्षांत त्याही उतरल्याच असतील थोड्या. मला कळत नाही तेवढं.
हे रोज संध्याकाळी सूर लावताना पुटपुटायचे, पाच, चार, पाच, पाच, पाच. मी भाकरी थापत ऐकायची. इतकी वर्षं मला वाटायचं, तालाच्या मात्रा मोजतात. विचारलं कधीच नाही. रोजचं होतं ना.

१९ जून
वामनभाऊ तारा घेऊन आले. मी म्हटलं, सहाही चढवा पण ताणू नका. सूर मी लावीन.
"तुम्ही?"
"हो."
"कशावरून लावसान? मोबाईल नको, पेटी नको."
तेव्हा गुंडाचं सांगितलं, घरचा सूर त्याचाच होता ते. ऐकून त्यांनी हातातलं तारांचं पुडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "वीस वर्षं चिमट्यावरून चिडवलं मी त्याले. एका शब्दानं नाही बोलला लेकाचा."
पाच-चार-पाचचं त्यांनी समजावलं. आधी बारीक तार गुंडाशी जुळवायची. मग दुसरी तार मानेवरच्या पाचव्या घरावर दाबायची, ती पहिलीसारखी वाजली पाहिजे. तिसरी चौथ्या घरावर दाबून दुसरीसारखी. पुढच्या तिन्ही पुन्हा पाचव्यावर. म्हणजे एक तार खरी लागली की बाकीच्या तिच्यावरून. आणि ती एक गुंडावरून.
जाताना बजावलं, "नवी तार रोज उतरते बरं. आठ-दहा दिवस तरी पुन्हा पुन्हा लावा लागीन."

२१ जून
ताईंना फोन केला. गुंडाचं विचारायचं धाडस होईना. गुडघ्यांचं विचारलं, नातवाचं विचारलं. बोलता बोलता त्याच म्हणाल्या, "घरात भांड्यांचा पसारा होऊन राहिला. सून म्हणते पितळ घासाले कोण बसते. सगळं मोडीत देतो म्हणते येत्या सोमवारी."
मोडीत. भंडाऱ्यात पितळेची दुकानं काय कमी. देतील आणि ते वितळवतील.
"येते मी," म्हटलं.
"काहून, काय झालं?"
"काही नाही. सहज."
सोमवारला तीन दिवस आहेत.

२४ जून
सिहोऱ्याहून सकाळच्या बसनं तुमसर, तिथून भंडारा. दोन दिवस मुसळधार होता म्हणून निघता आलं नाही, आज सोमवार, उघडीप. गिटार मांडीवर उभी धरली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कार्यक्रम कुठं हाये आज?" बाया हसल्या. म्हटलं, "भंडाऱ्याले, नणंदेच्या घरी." "नणंदेपुढं वाजवाचं म्हणजे हिंमत हाये!" मीही हसले. खूप दिवसांनी.
ताई दारातच.
"सुमन, हे काय आणलं वो?"
"ताई, गुंड आहे ना?"
त्यांचा चेहरा बदलला. "दान परत मांगाले आली का?"
"नाही. वाजवाले."
"गुंड वाजवाले सिहोऱ्याहून आली! बाप्पा!"
दाराशीच पोतं होतं, तोंड बांधलेलं. त्यात दोन चेपलेले लोटे, एक परात आणि खाली गुंड. काळा पडलेला. चेपला नव्हता. मी अंगणात बसून घासला, ताई बाजूला बसून ऐकत होत्या, मी सगळं सांगत होते. सुनेनं न मागता चिंच आणून दिली.
ताई म्हणाल्या, "तुले वाटते तुह्याच घरचा. माह्या आईचा गुंड आहे तो. माहा भाऊ लहान असताना त्याच्यात तोंड घालून ओरडे. आई म्हणे, मेल्या, पाणी उष्टं करतं काय! मग हा गुंड रिकामा पाहून ओरडे." आणि पदर डोळ्याला लावला.
पळीनं काठावर वाजवला. तोच. दोन वर्षं कानात होता तोच, की मीच तसा धरून बसले होते, पण वाजला. बारीक तार पिळत वर नेली. पुढे गेली, खाली आणली, पुन्हा वर. ताई पळी मारत राहिल्या. मग पाच, चार, पाच, पाच, पाच. मोठ्यानं म्हणत होते. दीड तास लागला.
"माह्या भावाले इतका वेळ नसे लागत," ताई म्हणाल्या.
"त्यांना सवय होती."
गिटार आतल्या खोलीत पलंगावर ठेवली आणि मी तिच्याजवळ बसले. ताईंनी स्वयंपाकघरात गुंड ओट्यावर ठेवला, मी रोज ठेवायची तसा, आणि पळी लागू दिली. मला ऐकू आलं असं वाटलं. पण पंखा चालू होता. ताईंनी येऊन पंखा बंद केला, परत गेल्या, परत वाजवला.
"बोलली का वो?" तिकडून ओरडल्या.
मी तारांवर हात ठेवला नव्हता. बोटं जवळ नेली होती फक्त. काहीतरी थरथरत होतं. तार की बोटं, सांगता येत नाही.
"बोलली असं वाटते," म्हटलं.
निघताना त्या म्हणाल्या, "घेऊन जा गुंड."
"दान आहे ताई. नाही नेत."
"मग मीही मोडीत नाही देत." सुनेकडे पाहून मोठ्यानं, "मीच घासतो रोज. काय म्हणतं?" सून म्हणाली, "मी कुठं काय म्हटलं आई."

२५ जून
बसच्या हादऱ्यांनी तारा उतरल्या, रात्री घरी येईपर्यंत सगळ्या. वामनभाऊंनी सांगितलंच होतं.
आज सकाळी अंगण झाडलं, सडा टाकला, पाणी भरलं. साडेसहाला ताईंना फोन लावला. "थांब, घासून राहिली, मग वाजवतो," म्हणाल्या. मी मोबाईलचा आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला, गुंड असायचा तिथे, आणि लाल गिटार मांडीवर घेऊन खाली बसले.