गोंदणाखालची नाडी

७ जानेवारी
आईच्या हातात घड्याळ बांधून आले. परतीच्या एसटीत जागा नाही, मंगळवेढा ते सोलापूर उभ्याने. तरी जीव जरा भांड्यात पडला. दिवाळीत ती गोठ्यात चक्कर येऊन पडली तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. डॉ. म्हणाले होते, नाडी मधूनच मंदावते, लक्ष ठेवा, पुन्हा झालं तर छातीत यंत्र बसवावं लागेल. ती तिकडे एकटी, मी इथे मशीनवर शाळेचे गणवेश शिवत. लक्ष ठेवणार कशी? इकडे चल म्हटलं की शेळ्यांची नावं सांगत बसते. शेवटी तडजोड झाली. घड्याळ बरं सांगतंय तोवर तिकडे, पुन्हा चक्कर आली की मुकाट माझ्याकडे. "व्हय," म्हणाली. इतक्या पटकन हो म्हणणारी बाई नव्हे ती.

८ जाने.
नवी पेठेतल्या दुकानात सगळं किती सोपं दिसलं होतं. घड्याळातच सीम, त्यामुळे ती रानात असली तरी नाडी माझ्या मोबाइलवर. पडली तर सूचना. आज दिवसभर नाडीच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा. बघता बघता चार सदऱ्यांना उलट्या बाह्या जोडल्या, संध्याकाळ उसवण्यात गेली. फोन केला तर, "हातातच हाय की. रगात थांबंल इतकं आवळलंय." सैल कर म्हटलं. तरी रेघाच.

१० जाने.
कारण कळलं. गोंदण. दुकानदार म्हणाला, घड्याळाच्या पोटात हिरवा दिवा असतो, तो कातडीतून रक्ताची चाल बघतो, गोंदणाची शाई आड आली की त्याला दिसत नाही. आईच्या डाव्या हातावर मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत गोंदण आहे. लहानपणी त्यातल्या ठिपक्यांवर बोट ठेवून मी अंक शिकले. तिथेच पट्टा आवळला आणि डोक्यात आलं नाही. ज्यांनी हे घड्याळ बनवलं त्यांच्या आयांच्या हातावर गोंदण नसणार.
आईला सांगितलं तर म्हणाली, "मरताना त्येवडंच संगं येतंय बाय. बाकी समदं हितंच ऱ्हातंय, तुजं घड्याळबी." असलं बोलू नकोस म्हणून ओरडले. फोन ठेवल्यावर रडू आलं.

१२ जाने.
काल उजव्या हातात बांधायला लावलं. नाडी आली. आकडा बघून मी देवापुढे साखर ठेवली.
आज सकाळी मोबाइल कोकलला. आई पडल्याची सूचना. तिचा फोन वाजतोय, उचलत नाही. शेवंताकाकूंना लावला, त्यांची नि आईची भिंत एकच. काकू बघून येईपर्यंत मी फोन कानाला लावून घरभर फिरले. हे आंघोळ अर्धी टाकून बाहेर आले. मग काकूंचा आवाज, "पडली न्हाय गं, भाकरी थापाय लागलीया."
हे हसत सुटले. म्हणाले, भाकरी करणाऱ्या बाईला घड्याळ रोज पाडणार. मला दुपारपर्यंत सुईत दोरा ओवता आला नाही.

१३ जाने.
परत तेच. 'मी ठीक आहे' असं बटण येतं म्हणे, पण केवढंसं, त्यात आईच्या बोटाला पीठ. पिठाच्या बोटाला काच दाद देत नाही. थापण्याआधी घड्याळ काढ म्हटलं तर ती घालायला विसरते. सूचना बंद करता येते, दुकानदार म्हणाला. मग घेतलं कशाला?
डाव्या हाताला गोंदण, उजव्याला भाकरी. तिसरा हात आणायचा कुठून?

१६ जाने.
संक्रांत झाली. कालपासून आकडे नीट. घड्याळ डाव्या हातात आहे, खोटी सूचनाही नाही. "जरा वर सरकवलं," आई म्हणाली. एवढं साधं मला सुचू नये. नाडी कशी एका लयीत. हे म्हणाले, आता तरी जेवताना मोबाइल पालथा ठेव. ठेवला. दोनदाच उलटून बघितला.

२१ जाने.
आईची नाडी माझ्यापेक्षा चांगली. भर दुपारीही घड्याळ म्हणतंय, चालते आहे. दुपारी ती पडून असते ना? विचारलं. "शेळ्यांमागं फिरती की," म्हणाली. असेल. हे ठणकावून म्हणाले, चांगल्यातही खोट काढायची तुला सवय आहे. आहेच. पण तरी…

२५ जाने.
दुपारी आईचा फोन लागेना, म्हणून घड्याळावरच लावला. एरवी लावत नाही. हात बोलाय लागला की लोक हसतेत, असं तिने बजावलं होतं. पलीकडे माणसांचा कालवा, कोणीतरी मेथी मेथी ओरडतंय. आणि शेवंताकाकू, "हालो, कोन?"
आई कुठे, विचारलं. काकू म्हणाल्या, "घरी हाय. मी बाजारात आलीया." घड्याळ काकूंच्या हातात. संक्रांतीपासून. त्यांच्या हाताला गोंदण नाही.
दहा दिवस मी शेवंताकाकूंच्या नाडीवर झोपले. आईची नाडी या दहा दिवसांत कशी होती ते कुणालाच माहीत नाही.

२६ जाने.
झेंडावंदनाची सुट्टी, हेही आले. रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवत गेले. आई ओट्यावर हरभरा सोलत बसलेली. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय. च्या टाकती."
भांडले. रागापेक्षा भीतीच जास्त होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रेघा दिसल्या की तुला घोर लागतो. आकडा चांगला दिसला की तू न्यायला येत न्हाईस. मग मी काय करू?" दोन्ही कारणं एका दमात, लपवाछपवी नाही. तिने हे सोंग नुसतं माझा घोर वाचवायला केलं नव्हतं, हेच जास्त लागलं.
शेवंताकाकू पदर तोंडाशी धरून दारात उभ्या. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "माजी नाडी तरी बरी हाय न्हवं?" यांना हसू आवरेना. मलाही.
निघताना गोंदण संपतं तिथे, कोपराच्या खाली, टेपने माप घेतलं. घड्याळाचा पट्टा तिथे पुरणार नाही. पण इलॅस्टिक माझ्याकडे वीतभर नाही, वारभर आहे.

२९ जाने.
गणवेशाच्या कमरेचं रुंद इलॅस्टिक घेतलं, आतून मऊ सुती पट्टी, वेल्क्रो लावला. ओळखीच्या कंडक्टरबरोबर सकाळच्या गाडीने पट्टा पाठवला. आईचा निरोप, बसतोय, खाजत न्हाय, भाकरी थापताना गप ऱ्हातंय.

१ फेब्रुवारी
आता आकडा आईचाच. त्यामुळे भीती दुप्पट. काकूंच्या नाडीसारखी ही सरळ चालत नाही, दुपारी उतरते, परत वर येते. डॉ.ना दाखवलं. म्हणाले, अजून चालेल, पण चक्कर आली तर थांबू नका.
बॅटरी दिवस काढते आणि संध्याकाळी मान टाकते. चार्जिंग होईपर्यंत माझ्याकडे परत रेघा. तो वेळ मला खायला उठतो. आज त्याच वेळी आईचा फोन. "घड्याळ जेवाय बसलंय, म्हून मीच बोलती." रोज करशील का? "बघू की."

५ फेब्रु.
रोज करते. शेळी व्यायली, ज्वारी कापायला आली, काकू सुनेवर रुसल्या. आकड्यापेक्षा हे बरं. तरी आवाजात काही दबलेलं आहे का ते मी शोधत राहते.

८ फेब्रु.
संध्याकाळी रेघा आल्या, फोन आला नाही. मशीन थांबवून बसले. काकूंना लावणार तेवढ्यात वाजला.
"आज बोलाय उशीर झाला," आई म्हणाली. मग म्हणाली, "चक्कर आली. घड्याळ चार्जिंगला लावाय उठले तवा. भिंतीला धरून बसले. पडले न्हाय."
घड्याळाने काहीच पाहिलं नाही. काकूही घरात नव्हत्या. गप्प बसली असती तर मला जन्मात कळलं नसतं.
मग तीच म्हणाली, "आता नेनार न्हवं मला? ज्वारी उबी हाय की गं."
ठरल्याप्रमाणे आणायलाच हवं. डॉ.ही तेच म्हणतील. पण खरं सांगितलं म्हणून घर सुटलं, तर यापुढे ती खरं सांगेल का? आणि नाही आणलं, आणि उद्याच…
उद्या येते, एवढंच म्हणाले. हे सकाळच्या गाडीला सोडणार आहेत. तिचेही कपडे मावतील अशी मोठी पिशवी आणि माझी नेहमीची लहान, दोन्ही काढून ठेवल्यात. हे विचारतायत कुठली भरायची, आणि मला सांगता येत नाही.