बरानकोट पेटीतच आहे

प्रिय हवालदार,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. लग्न झाल्यापासून तुमची बदली जिथं झाली तिथं मी भांडीकुंडी घेऊन मागोमाग आले. बैहर झालं, लांजी झालं, कटंगी झालं, शेवटी बालाघाटच्या या पोलीस लाइनीत परत येऊन टेकलो. पत्र लिहावं लागेल इतकं लांब तुम्ही मला कधी ठेवलंच नाही. आता ठेवलंत.

सगळी लाइन तुम्हाला हिंदीत दीवानजी म्हणायची. मी तुमचं नाव घेत नव्हते म्हणून आपल्या मराठीत हवालदार म्हणायची, तेही चिडवायला. आता सवय मोडत नाही, तेव्हा तेच राहू द्या.

आज लिहायला बसले त्याला कारण समोरच्या क्वार्टरातला बिसेन. तुम्ही गेल्यावर लाइनीत आलेला नवा शिपाई, वारासिवनीकडचा पोरगा. काल सकाळी तो खजिन्याच्या पहाऱ्यावरून परत आला तेव्हा मी अंगणात सडा टाकत होते. ओठ निळे पडलेले, हात काखेत कोंबलेले, आणि वर्दीच्या आत बायकोची शाल गुंडाळलेली. शालीचा लाल काठ कॉलरमधून बाहेर आला होता. मी त्याला बोलावून चहा दिला.

"काहून रे, थंडीचा बरानकोट नाही दिला तुले?" मी विचारलं.

तो बशीकडे बघत म्हणाला, "स्टोरात एक कमी हाय म्हंते काकी. भोपालहून येईन तवा भेटन."

कोणता एक कमी आहे हे त्याला ठाऊक आहे. सगळ्या लाइनीला ठाऊक आहे. तो माझ्या तोंडावर बोलला नाही, एवढंच. त्या शालीपायी त्याला हजिरीत सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली, हे त्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

हवालदार, तुमचा बरानकोट जळालेला नाही. तो माझ्या पेटीत आहे, गोधड्यांच्या खाली.

तुमची तेरवी झाली आणि स्टोरवाले दुबेजी दारात आले. नियम तुम्हीच मला शिकवलेला. शिपाई निवृत्त होवो, नाहीतर मरो, अंगावरचं सरकारी सामान लाइनीच्या स्टोरात जमा झालं पाहिजे. पट्टा, टोपी, बूट, घोंगडी, पाण्याची बाटली, सगळं मी काढून त्यांच्यापुढं ठेवलं. बिचारे मान खाली घालून एकेक वस्तू उचलत होते. शेवटी हळूच म्हणाले, "और बरानकोट, भाभीजी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वो तो उनके बदन पर था. ठंड थी, मैंनेच पहनाया. चिता पर गया."

दुबेजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ते गेल्यावर मी आत जाऊन पेटीवर बसून राहिले.

का केलं असं? बाकीचं सामान द्यायला मला काहीच वाटलं नाही. बुटांना पॉलिशचा वास, पट्ट्याला ब्रासोचा वास. कोटाच्या कॉलरला मात्र तुमच्या मानेचा वास होता, खोबरेल तेलाचा आणि विडीचा. संध्याकाळी दार लावून मी तो काढते, मांडीवर घेऊन बसते आणि परत ठेवते. यात कुणाचं काय जातं, असं मला वाटायचं.

पण चोरी माझी आणि नाव तुमचं लागलं. ज्या माणसानं जन्मभर सरकारी सुतळीचा तुकडा घरात येऊ दिला नाही, त्याला मी जाताजाता सरकारी कोट सोबत न्यायला लावला. वर गेल्यावर तुम्ही तिथंही कुणाला तरी शोधत असाल, हे सामान कुठं जमा करायचं म्हणून. हसू येतं, आणि मग हसल्याचीच लाज वाटते.

लांजीचा तो हिवाळा आठवतो? सुमी चार वर्षांची, तापानं कुडकुडत होती. घरातलं होतं नव्हतं ते सगळं मी तिच्या अंगावर घातलं होतं, तरी पोरीचे दात वाजत होते. कोट समोर खुंटीवर.

"टाका ना तो तिच्या अंगावर," मी म्हटलं.

"सरकारी हाय तो."

"अन पोरगी कोनाची हाय?"

"पोरगी आपली हाय," तुम्ही म्हणालात. "म्हनून आपलंच टाक. माह्यं धोतर टाक."

आणि तिला छातीशी धरून तुम्ही उजाडेपर्यंत भिंतीला टेकून बसलात. सुमी बरी झाली, आता गोंदियाला आपल्या घरी सुखात आहे. पण त्या खुंटीचा राग माझ्या मनातून गेला नाही. दुबेजींशी खोटं बोलताना, खरं सांगते, थोडा तो रागही बोलला. एकदा तरी त्या कोटानं माझ्या घरच्या माणसाच्या कामी यावं, असं वाटलं.

हे एवढंच असतं तर मी कदाचित गप्प राहिले असते. पण गेल्या आठवड्यात दुबेजी पुन्हा आले. मला वाटलं, संशय आला. ते तर मला धीर द्यायला आले होते.

"कोट की चिंता मत करना, भाभीजी," ते म्हणाले. "साहब को मैंने बोल दिया, भूल मेरी थी. अर्थी उठने से पहले उतरवाना मेरा काम था. थोड़ी डाँट पड़ी, और क्या." मग म्हणाले, "और सच कहूँ तो अच्छा ही हुआ. बड़े भाई का कोट था. भाई के साथ चला गया."

"किसके बड़े भाई का?" मी विचारलं.

आता दुबेजींनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "आपको नहीं मालूम?"

नव्हतं मालूम. छप्पन साली राज्य फुटलं ते ऐन दिवाळीत, ते मला ठाऊक होतं. राजधानी नागपूरची उठून भोपाळला गेली, विदर्भ मुंबईकडे गेला, बालाघाट इकडंच राहिलं. नाव मध्यप्रदेशच राहिलं, पण एका हजिरीला उभे राहणारे लोक दोन राज्यांत वाटले गेले. शामराव, माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, आणि तुम्ही, दोघं सख्खे भाऊ, एकाच लाइनीत शिपाई. त्यांनी भंडारा मागून घेतलं, कारण जाऊबाईंचं माहेर तिकडं. तुम्ही इकडं राहिलात, कारण सासूबाई कटंगीजवळचं गाव सोडायला तयार नव्हत्या. त्यांचं सामान बैलगाडीत चढलं तेव्हा मी पदर डोक्यावर घेऊन दाराआड उभी होते. भासऱ्यांपुढं मी पदर घेतल्याशिवाय कधी उभी राहिलेच नाही. तुम्ही गाडीमागं नदीपर्यंत चालत गेलात आणि परत येऊन जेवायला बसलात. मला वाटलं, माणूस दगडाचा आहे.

पुढचं मला दुबेजींकडून कळलं. जाणाऱ्यांनी आपलं सामान इथंच जमा करायचं, तिकडचं तिकडं मिळेल, असा हुकूम होता. भासऱ्यांनी कोट स्टोरात टाकला. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःचा नवाकोरा कोट घेऊन दुबेजींकडे गेलात आणि म्हणालात, हा ठेवून घ्या, तो द्या. दुबेजींनी सांगितलं की त्याची कॉलर झिजली आहे, अस्तर उसवलं आहे. तुम्ही म्हणालात, चालेल.

"नियम से लिया, भाभीजी," दुबेजी म्हणाले. "चोरी नहीं की."

त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, ते कुणाशी बोलत होते.

आणि मग मला तो मे महिना आठवला. भंडाऱ्याहून भासरे गेल्याची तार आली होती. तिरोडीच्या खाणीवर हरताळ, सगळी लाइन बंदोबस्ताला, तुम्हाला रजा मिळाली नाही. हरताळ मिटल्यावर घरी आलात, आंघोळ केली आणि भर दुपारी अंगणात बाजेवर बसलात. अंगात बरानकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. घामानं निथळत होतात. मी काय केलं? शेजारणीला हाक मारून दाखवलं.

"काहून हो हवालदार, डोक्सं फिरलं काय? उन्हाळ्यात कोट घालून बसले?"

शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "किट तपासून राह्यलो."

एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तुमची बायको होते, की किट तपासायला आलेला साहेब? तुम्ही भावासाठी रडायला त्याच्या कोटात शिरला होतात, आणि मी शेजारणीला बोलावलं. हे आता मी कुणाजवळ बोलू? तुम्ही गेलात. भासरे त्याआधीच गेले. शेजारणीची बदली शिवनीला झाली. माझं हसणं तेवढं इथं राहिलंय, या अंगणात.

काल बिसेनला पाहिल्यापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. भासऱ्यांनी तो कोट जाऊबाईंच्या पेटीत लपवून भंडाऱ्याला नेला असता, तर त्या मे महिन्यात तुम्ही काय घालून बसला असतात? त्यांनी जमा केला म्हणून तो तुम्हाला मिळाला. मी तो अडवून बसले आहे आणि समोरचा पोरगा बायकोच्या शालीत पहारा देतो आहे. दुबेजी माझ्या खोट्याची बोलणी खातात आणि वर मलाच धीर देतात. तुम्ही असतात तर माझ्याशी महिनाभर बोलला नसतात, आणि तुमचं बरोबर असतं.

आज सकाळी मी कोट पेटीतून काढला. अस्तर शिवलं, बटणं चिंचेनं घासली. कॉलरपाशी मात्र अडले. धुवायची की नाही? खूप वेळ नाकाशी धरून बसले. मग रिठ्याच्या पाण्यानं धुतली. दुसऱ्याच्या पोरानं तुमच्या मानेचा मळ का वागवावा?

आता तो अंगणात दोरीवर वाळतो आहे. घरात नाही, अंगणात, सगळ्या क्वार्टरांसमोर. लाइनीतल्या बायका पाण्याला जातायेता बघताहेत. कुणी विचारलं नाही. मघाशी बिसेनची बायको आली, माझ्याकडे न बघता कोटाची ओली बाजू उन्हाकडे फिरवली आणि निघून गेली. तेव्हाच मला रडू आलं, इतके दिवस नीट येत नव्हतं.

तर हवालदार, माझा शब्द घ्या. उद्या कोट घेऊन मी स्वतः स्टोरात जाईन. साहेबांसमोर उभी राहून सांगेन की तो चितेवर गेला नव्हता, मी खोटं बोलले, दुबेजींची काही चूक नाही आणि दीवानजींची तर मुळीच नाही. लाज वाटेल. वाटू दे. कोट बिसेनला द्या म्हणून मी बोलणारही नाही, ते नियमानं काय ते ठरवतील. तुम्हाला नियमानंच आवडतं.

पण त्यालाच मिळाला, आणि एखाद्या थंड सकाळी तो पहाऱ्यावरून कोट घालून समोरून आला, तर मी त्याच्याकडे टक लावून बघणार नाही, मागून हाक मारणार नाही. एवढंच होईल की माझा हात आपोआप पदराकडे जाईल, डोक्यावर घ्यायला. भासऱ्यांचा कोट, तुमचा कोट. बिसेनला वाटू दे, काकीला थंडी वाजली.

तुमची,
वत्सला