स्वित्झर्लंडचं उत्तर

बाई,

माझ्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी यंदा बोर्डाच्या परीक्षेला बसली नाही. तिचं हॉलतिकीट ऑफिसच्या कपाटात तसंच पडून आहे. कॉलेजात कुणाला त्याचं फार नवल वाटलं नाही. झरी जामणी तालुक्यात दरवर्षी दोन-चार मुलं अशी गळतात आणि आम्ही नावापुढे गैरहजर लिहून मोकळे होतो. पण ही का बसली नाही ते मला माहीत आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कुणी सुचत नाही.

नववीत तुम्ही आम्हाला 'मी केलेला प्रवास' इंग्रजीतून लिहायला सांगितला होता आणि मी गाइडातलं काश्मीर जसंच्या तसं उतरवलं होतं. तुम्ही वही घेऊन माझ्या बाकाशी आलात. "दल सरोवराचं पाणी थंड होतं का कोमट?" मी वहीत बघायला लागले. "तू गेलती काय तिथं?" "नाही, बाई." "मग गेली म्हणून कायले लिहिलं? रविवारी घरी ये. जिथं गेली असशील ते सांग." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

त्या रविवारी मी बाभुळगावच्या तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले आहे. तुम्ही अंबाडीची भाजी निवडता आहात. मी सांगते की बाई, मी कुठेच गेले नाही. अब्बा ट्रक दुरुस्त करतात. काम झालं की गाडी नीट चालते का ते पाहायला रस्त्यावर काढतात, "चल बेटा, ट्रायल मारके आते," म्हणून मला केबिनमध्ये बसवतात, फाट्यापर्यंत जातात आणि वळवून आणतात. एवढंच. तुमचे हात थांबतात. "केबिनमधून काय दिसते?" मग मी सांगत सुटते. उंचावरून कपाशीच्या रांगा कशा दिसतात, बैलगाडीवाल्याचा फेटा वरून कसा दिसतो, इंजिनाच्या झाकणावर तळपाय कसे भाजतात, आणि अब्बा गाडी वळवतात तेव्हा पुढचा रस्ता कसा राहूनच जातो. "आता हेच इंग्रजीत," तुम्ही म्हणता. तासभर लागला. भाजी तशीच राहिली आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. निघताना मी धीर करून विचारलं, बाई, तुम्हाला कुठे जायचंय? तुम्ही म्हणालात, नाईल नदी पाहायची आहे, एवढ्या वाळवंटातून ती वाहते कशी ते एकदा बघायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा पासपोर्टसुद्धा निघालेला नव्हता. मीही अजून देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. पण मी इंग्रजी शिकवते ती त्या एका रविवारामुळे, एवढं नक्की.

आता त्या मुलीचं. ती कोलाम आदिवासींच्या पोडावरून यायची. पोड म्हणजे जंगलाच्या कडेची पंधरा-वीस घरांची वस्ती. तिथून रस्त्यापर्यंत पायी आणि पुढे एसटी. बारावीच्या तोंडी परीक्षेला दोन प्रश्न ठरलेले असतात: तुमचा प्रवासाचा अनुभव आणि परदेशातलं तुमच्या स्वप्नातलं सुट्टीचं ठिकाण. सगळी मुलं स्वित्झर्लंड सांगतात, कारण मी स्वित्झर्लंडचं उत्तर लिहून देते. आठ ओळी आहेत. ही जानेवारीत स्टाफरूममध्ये येऊन म्हणाली, "मॅडम, माहा प्रवास मी माह्याच मनानं सांगू का?" सांग म्हटलं. तिनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. दरवर्षी पोडावरची माणसं टेम्पोनं तेलंगणात मिरची तोडायला जातात, हीही दिवाळीनंतर महिनाभर जाऊन आली होती. भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं एका टेम्पोत. पैनगंगा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरं बदलतात, पण तिथल्या लोकांना हिची कोलामी बोली थोडी थोडी कळते, याचं तिला मोठं अप्रूप. रेल्वे तिनं पहिल्यांदा तिथंच पाहिली होती. मिरचीनं हात पेटतात तेव्हा आई ताक चोळते, त्याला इंग्रजीत काय म्हणायचं, असं तिनं विचारलं. माझ्या टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. मी म्हणाले, "हे नको. ही काही सहल नाही. मार्क जातील. लिहून दिलेलं पाठ कर."

तिनं विचारलं, "स्वित्झर्लंडात कायचा हंगाम राह्यते, मॅडम?"

"हंगाम नाही गं. बर्फ असतो. लोक फिरायला जातात."

"नुसतं फिराले? मंग काम?"

"काम नाही करायचं तिथे."

"मंग घरचे कायले नेतीन मले?" ती म्हणाली आणि आठ ओळींचा कागद घेऊन गेली.

तोंडी परीक्षेला माझ्याबरोबर भौतिकशास्त्राचे सर बसले होते. तिनं आठही ओळी न चुकता म्हटल्या. सरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, तू स्वित्झर्लंडला जाशील कशी? हे कागदावर नव्हतं. ती म्हणाली, "बाय टेम्पो, सर." आणि कुणाबरोबर? आई, वडील आणि पोडावरची सगळी माणसं. सरांनी टेबलावर थाप मारली. "टेम्पो निंगाला स्वित्झर्लंडले! मॅडम, आपल्या बी दोन सीटा धरून ठेवा." मी हसले. चांगली मोठ्यानं हसले, बाई, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मोठी माणसं हसली की मुलं हसतात तशी तीही हसली, मग माझ्याकडे बघत राहिली. शिकवल्याप्रमाणे थँक यू सर, थँक यू मॅडम म्हणून बाहेर गेली. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

पहिल्या पेपरला तिची जागा रिकामी दिसली. दुपारी मी पोडावर गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक बाई तूर पाखडत होती.

"तुम्ही तिच्या म्याडम व्हय? ते त गेली मायबापासंग. मिरची तोडाले."

"तिचे पेपर होते."

"म्या म्हनलं न तिले, पेपर दे अन् मंग जाय. म्हने, काकी, मले कालेजातलं बोलनं जमत नाई. तिथं हासतेत." तिनं सूप खाली ठेवलं. "पानी घ्या. लय उन्हाच्या आल्या तुम्ही."

मी पाणी प्याले. त्या मुलीला फोन लावला की तेलुगूत काहीतरी सांगणारा आवाज येतो. रोज एकदा लावते. सगळे पेपर संपले. जुलैत पुन्हा परीक्षा असते, फॉर्म भरता येतो, असं मी त्या काकूला सांगून आले. तिनं मान हलवली. पण फॉर्म भरायला ती मुलगी कॉलेजात यायला हवी, आणि ती कशाला येईल?

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. काल अकरावीचा तास होता. पंचावन्न मुलं, तोंडी परीक्षा आठवड्यावर, प्रश्न तेच दोन. तुम्हाला काय काय लिहायचं ते तोवर माझ्या मनात बरंचसं जुळून आलं होतं. तरी मी खडू घेतला आणि त्याच आठ ओळी फळ्यावर लिहिल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, असंच्या असं पाठ कराचं?"

मी हो म्हटलं.