सहाचं रीळ नवाच्या जागी

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सातला ताईचा फोन. इतक्या लवकर म्हटल्यावर वाटलं, पडली-बिडली की काय. तर बाईसाहेब खुशीत! म्हणे, तो पत्राचा सिनेमा सापडला, कोणीतरी अख्खा फोनवर टाकलाय. तिचा पडदा तळहाताएवढा, माझा टीव्ही मोठा. तेव्हा रविवारी येते, दोघं मिळून बघू.

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. समोरचा चहा निवून गेला. हिने विचारलं, कोण होतं? म्हटलं, ताई. तर म्हणाली, मग दाढ दुखल्यासारखा चेहरा कशाला केलाय.

काय सांगणार? चव्वेचाळीस वर्षं मनात एकच म्हणत आलो — तो सिनेमा कुठल्याशा गोदामात सडून गेला असू दे. मी म्हणत आलो हे! ज्याने नोकरीभर रिळावर साधा ओरखडा येऊ दिला नाही तो.

५ फेब्रुवारी, बुधवार

मन रमवायला हिच्याबरोबर एक नवा पिक्चर बघितला. सगळा काळोख! कोण कोणाला मारतंय ते आवाजावरून ओळखायचं. आमच्या थिएटरात असा काळोख दिसला असता तर पब्लिकने केबिनकडे तोंड करून शिट्ट्या मारल्या असत्या — ए ऑपरेटर, झोपला काय, दिव्यातला कार्बन बदल!

आणि आताच्या खलनायकाला घर नसतं. आमच्या वेळचा खलनायक कसा, गोल जिना, मोठा मासा असलेली काचेची पेटी, गुळगुळीत गाऊन. त्याला बघून निम्मी माणसं मनातल्या मनात आपलं घर सजवायची. आताचा नुसता मोटारीत बसून फोन करतो. मासा नाही, काही नाही.

गाणं सुरू झालं की दोन ओळींत कापतात. मुलगा तर त्याच्या घरी पिक्चर दीडपट वेगाने बघतो. मी म्हटलं, कशाला रे? म्हणाला, बाबा, वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात काय करतोस? तर म्हणे दुसरा पिक्चर बघतो. धन्य आहे.

ही मधेच पेंगली. मीही बघत नव्हतोच. रविवारचं डोक्यात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच टाकतो. हे हिलासुद्धा सांगितलेलं नाही. एका माणसाला ठाऊक होतं, आमचे मोठे ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते गेले त्यालाही बरीच वर्षं झाली.

मी मामांच्या हाताखाली लागलो तेव्हा सातवी पास. पुढचं सगळं शिक्षण केबिनच्या त्या चौकोनी भोकातून झालं. जग कसं बोलतं, कसं रडतं, खुर्चीत कसं बसतं, तिथूनच शिकलो.

तर तो सिनेमा दहा रिळांचा. प्रत्येक रीळ गोल पत्र्याच्या डब्यात, झाकणावर रंगाने इंग्रजी आकडा. आता गोल डब्याला वरची बाजू कुठली न् खालची कुठली? म्हणून सहाच्या आणि नवाच्या खाली एक रेघ मारायची पद्धत. थिएटरांतून फिरून फिरून ती रेघ पुसून गेलेली. सिनेमा लागला त्या दिवशी मामा तापाने घरी, मी एकटा, अंगात नवा शर्ट आणि नवा रुबाब. सहा म्हणून उचललं ते नऊ होतं. फिल्मच्या तोंडाशी आकडा असतो, तो बघायला हवा. नाही बघितला.

सिनेमाची खरी गोष्ट अशी. एक शाळामास्तरीण. नवऱ्याचं आणि तिचं पटत नाही. सहाव्या रिळात ती घर सोडते. सात-आठमध्ये जुने दिवस, त्यांचं प्रेम, दोन गाणी. नवव्यात शाळेच्या नळापाशी उभी राहून ती नवऱ्याचं पत्र वाचते — माफ कर, झालंगेलं विसर. दहाव्यात बसचा प्रवास, एक दार, ती कडी वाजवते, दार उघडतं, तिच्या तोंडावर उजेड. संपलं. म्हणजे ती परत गेली.

आमच्या थिएटरात काय झालं? आधी पत्र आलं. मग जुने दिवस आठवले. आणि मग, त्याने माफी मागितल्यावर, सगळं गोड गोड आठवल्यावर, ती उठली आणि घर सोडून गेली! शेवटचं दार लोकांना तिच्या भावाचं वाटलं.

बायको घरातच असताना नवऱ्याचं पत्र आलं तेव्हाच मला चूक कळली होती. पण मशीन थांबवायचं कसं? वाटलं, आता खुर्च्या फुटणार. तर सगळं थिएटर चिडीचूप. बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. मालक जिन्यातच भेटले, म्हणाले, काय सिनेमा आहे रे!

मामा तिसऱ्या दिवशी आले, शेवटपर्यंत बघितला आणि माझ्या डोक्यात टप्पल मारली. मग बराच वेळ बिडी ओढत बसले. म्हणाले, लोक दुसऱ्यांदा येताहेत. आता सरळ लावलास तर म्हणतील, थिएटरवाल्यांनी मोडतोड केली. राहू दे.

चार आठवडे तसाच चालला. शेजारच्या गावात तो सरळ लागला होता. दोन गावांतली माणसं बसमध्ये भेटली की भांडायची. ती परत गेली! — अहो कुठली परत, निघून गेली! एकदा तर दोन व्याही याच्यावरून जेवणाच्या पंगतीत हमरीतुमरीवर आले. मी मान खाली घालून जेवत होतो.

इथवर सगळी गंमत आहे. पुढची नाही. पुढचं उद्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसऱ्या आठवड्यातला बुधवार, दुपारचा खेळ. खेळ सुटल्यावर ताई केबिनमध्ये आली. तिच्या लग्नाला सात वर्षं झालेली. मशीनच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "मी परत जाणार नाही. तुझ्याकडे राहीन."

ती म्हणाली, त्या सिनेमातल्या बाईने करून दाखवलं, आपल्यालाही जमेल.

राहिली. आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. हिने एका शब्दाने कुरकुर केली नाही. तीन वर्षांनी ताईला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. मग आम्ही दोघंही ऑपरेटर! ती म्हणायची, तू लोकांना दाखवतोस, मी लोकांचं ऐकते, आपल्या घरात आता काही लपून राहायचं नाही.

कोणीही विचारलं, का हो सोडलंत, की ताईचं उत्तर ठरलेलं: एक सिनेमा बघितला आणि डोकं फिरलं. लोक हसायचे. तीही हसायची. मी उठून पाणी प्यायला जायचो.

मेहुणे दोनदा थिएटरवर आले होते. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मला म्हणाले, तूच सांग, माझं चुकलं तरी काय? मी त्यांना पायऱ्यांवर बसवून चहा पाजला. काय बोलणार होतो? तुमचं नाही, माझं चुकलं, सहाच्या जागी नऊ लावलं? त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. आठ वर्षांपूर्वी एकटेच गेले. मी पोचवायला गेलो. ताई आली नाही.

एक संसार मी मोडला. पत्र शेवटी आलं असतं तर ताईनेही सबुरीने घेतलं असतं. आणि आता पंचाहत्तराव्या वर्षी तिला दिसणार, की ज्या बाईच्या भरवशावर आपण घर सोडलं ती बाई मुळात परत गेली होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताईला फोन करून सांगितलं, टीव्ही बिघडलाय. मागून ही मोठ्याने म्हणाली, कोणाचा? आपला तर मघापासून चालू आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आली. ठेवणीतली साडी नेसून आली, थिएटरात यावं तशी. फोन टीव्हीला जोडणंही तिलाच जमलं. मी खुर्ची मागे ओढून दाराशी बसलो.

बाई काय दिसायची हो! आताच्या नट्यांना रडताना नाक लाल करायला भीती वाटते. ही रडायची ती खरी, पदराने नाक पुसत. आणि आवाज किती हळू. पाचवं रीळ संपलं तिथे पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायचा ठिपका चमकला. माझा हात आपोआप उठला, मशीन बदलायला! हातच तो, त्याला कोण सांगणार आता घरी बस.

मग ती घर सोडून निघाली. ताई पुढे सरकली. जुने दिवस. दोन्ही गाणी ताईने गुणगुणली. मग पत्र. मग बस. मग दार.

संपलं. मी जमिनीकडे बघत.

ही म्हणाली, बरं झालं बाई, गेली एकदाची आपल्या घरी.

ताई म्हणाली, "हे उलटंसुलटं लावलंय कोणीतरी."

आणि चष्मा पुसत राहिली. जाताना म्हणाली, आजकाल कोणाला कशाची कदर नाही, मिळेल ते मिळेल तसं चिकटवून देतात. मी होय होय म्हटलं. तिला रिक्षापर्यंत पोचवलं.

सुटलो! मी जिंकलो खरं तर. तरी ताट अर्धं ठेवून उठलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

राहवेना. सकाळीच ताईकडे गेलो. तिच्या दोन खोल्या, खिडकीत कुंड्या, टेबलावर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसली होती. मीही सोलायला घेतले. पाव किलो झाले असतील तेव्हा तोंड उघडलं.

सगळं सांगितलं. डबे, रेघ, मामांचा ताप, माझा नवा शर्ट. ती ऐकत राहिली. बोटाने वर्तमानपत्रावर आकडा काढला, मान तिरकी करून उलट्या बाजूने बघितला. मग हसायलाच लागली! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, गाढवा, आणि दोन गावं भांडत होती!

मी नाही हसलो. म्हटलं, ताई, तुझं घर माझ्यामुळे गेलं. मेहुणे एकटे मेले ते माझ्यामुळे. तू मला काहीही बोल.

तिचं हसू एकदम थांबलं. "म्हणजे इतकी वर्षं तुला वाटत होतं, की—"

सालं गोळा केली. म्हणाली, जा तू आता, मला जरा पडायचंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फोन नाही. मी केला, उचलला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नाही.

हिला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. म्हणाली, तुम्ही तरी काय एकेक धरून बसता. आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आजारी आहे आणि मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दिवसभर जुन्या सिनेमांचा विचार. आमच्या वेळचे सिनेमे चांगले असं मी येता-जाता म्हणतो. सगळेच कुठे चांगले होते! ज्यात शेवटी बाई परत जायची त्याला आम्ही चांगला म्हणायचो. घरी जाताना जड वाटायचं नाही म्हणून. हे मला आजच सुचलं. बाहत्तराव्या वर्षी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताई आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, त्या बुधवारी मी कपड्यांची पिशवी घेऊनच निघाले होते. तिकिटाच्या खोलीत ठेवली आणि आत जाऊन बसले, तुझा खेळ सुटायला वेळ होता म्हणून.

मी म्हटलं, मग तू सगळ्यांना सिनेमाचं का सांगायचीस?

"सिनेमा म्हटलं की लोक हसायचे. हसले की पुढचं विचारायचे नाहीत." आणि मग म्हणाली, "तूही नाही विचारलंस."

हिने म्हणे पहिल्याच संध्याकाळी ताईला विचारलं होतं.

आज मी विचारलं. अकरापासून दुपारी दोनपर्यंत ताई त्या सात वर्षांचं सांगत होती. ते इथे लिहवत नाही.