फडक्यातला दिवा

आबा, आज दिवा लागला. आमच्या काळ्या कापडात साठवलेल्या विजेवर, इतक्या वर्षांनी.

तुम्ही विद्यापीठात आलात तो दुष्काळाचा उन्हाळा मला अजून दिसतो. मेंढरं चाऱ्यासाठी लांब गोदाकाठी नेलेली, आणि घरी चुलत्यांनी धोशा लावलेला की पोरीला परत आणा, एवढं शिकून तिथं करते तरी काय. शेवटी तिचं काम बघून येतो, मग ठरवू, असं सांगून तुम्ही सिल्लोडहून एसटीत बसलात. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर तुम्ही चपला काढता, खुर्चीच्या टोकावर बसता. मी कार्बनच्या धाग्यांचं कापड तुमच्या हातात देते. यंत्रात वायूला वीज दिली की त्याचा प्लाझ्मा होतो, त्यात या धाग्यांवर पातळ लेप चढतो, मग हे कापड वीज धरून ठेवतं आणि तिच्यावर दिवा लागतो, असं जमेल तसं सांगते. तुम्ही कापड बोटांत चोळून म्हणता, "म्हंजी घोंगडीला चिंचोक्याची खळ देतो, तसंच की." मला हसू येतं. माझं काम घरात कुणाला तरी कळलं, याचं फार बरं वाटतं.

पण यंत्र बंद होतं. ते तापू नये म्हणून त्यात सारखं गार पाणी फिरवावं लागतं. चहूकडं नव्या इमारती उठत होत्या, वाळूजला कारखाने वाढत होते आणि नळ मात्र कोरडे. त्या आठवड्यात विभागाचा टँकरही आला नव्हता. लेप नाही म्हणजे दिवा नाही, हे मी मान खाली घालून सांगितलं. तुम्ही पिशवीतली पाण्याची बाटली काढून पुढं केलीत.

"एवढ्यानं भागंल का?"

मी नाही म्हणाले. परतीच्या गाडीत बसेपर्यंत तुम्ही त्यातला घोटभरही घेतला नाहीत. मी मागेन, असं वाटलं असेल.

पाऊस यायच्या आत तुम्ही गेलात. दहाव्याला चुलते माझ्याजवळ येऊन बसले. "फडक्यातून दिवा लावलास म्हनं तू. सारी खोली उजळली, तुझा बाप सांगत व्हता. म्हनून तर आमी गप बसलो." मी उठून मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात, कुडामागं जाऊन पोटभर रडले. बाजारात गिऱ्हाइकाला आपल्या मेंढराची खोड स्वतःहून सांगणारा माणूस माझ्यासाठी गावभर खोटं बोलून गेला होता. त्या खोट्यावर माझं शिक्षण पुरं झालं. पदवी मिळाली, नोकरी लागली, पण लेप दर खेपेला सुटायचा आणि दिवा काही लागायचा नाही.

हे कुठं पाठवणार, लिहून ठेवते झालं. आज विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाल ठिपक्याएवढा दिवा, थोडा वेळ तेवला आणि विझला. सगळे खूश होते, मीही हसले. पण खरं सांगू, आबा, मला तो फार लहान वाटला. इतकी वर्षं मी तुमचाच, सारी खोली उजळणारा दिवा बघत आले होते.