उंबऱ्यावरची फळी

भोर, ता. ३ नोव्हेंबर १९३८
सकाळच्या मोटारीने जावईबापू शकूला माझ्याकडे ठेवून गेले. शकूची आई, माझी भाची कुसुम, क्षयाच्या दवाखान्यात. डॉक्टर सहा महिने म्हणतात. सहा महिने कशाचे, ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही.
शकू तेरा महिन्यांची. रांगते, धरून उभी राहते. पंचवीस वर्षे मुली शिकवल्या, पण सगळ्या आपल्या पायांनी वर्गात आलेल्या.
पहिल्या तासात: चुलीपाशी दोनदा, विळीपाशी एकदा. शाईची दौत उपडी. निळे हात माझ्या लुगड्याला.

४ नोव्हें.
रजा घेतली. यादी केली. विळी खुंटीवर. वरवंटा फडताळात (कमरेत उसण). घंगाळ रिकामे करून पालथे. रॉकेलची बाटली, टाचण्या, कंदील, सगळे वर. दौतही.
मागच्या दाराबाहेर आड, त्यावर झाकण नाही. उंबरा शकू दोन दिवसांत चढेल. सुताराला निरोप.

६ नोव्हें.
गणपा सुतार भाटघरचे काम टाकून आला. दोन्ही दारांच्या उंबऱ्यावर मांडीएवढी उंच फळी ठोकून घेतली.
"बाई, गोठ्याला बी एवढी लावत न्हाईत कुनी."
म्हटले, गोठ्यातली जनावरे दौती उपड्या करत नाहीत.
काम पक्के. ओलांडताना मीच दोनदा अडखळले.

७ नोव्हें.
माझी शाळा अकरा ते पाच. तेवढ्या वेळाला रखमा ठेवली. मूळची मार्गासनीची, इथे लेकीकडे असते. पाच बाळंतपणे झालेली, म्हणजे अनुभव आहे. तिला स्पष्ट सांगितले, संध्याकाळी पोरीच्या अंगावर एक ओरखडा दिसता कामा नये.
"व्हय बाई."

११ नोव्हें.
कपाळावर टेंगूळ. टेबलाचा कोपरा. कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या. रखमाला बोलले.
"पोर हाय बाई, दगुड न्हाई. हलनारच की."
म्हटले, पुन्हा झाले तर उद्यापासून येऊ नकोस. टेंगळाला हळद लावत राहिली. समजली असावी.

१५ नोव्हें.
कुसुमचे कार्ड. 'मावशी, शकूने उंबरा ओलांडला का? आमच्याकडे त्या दिवशी उंबऱ्यावर गूळ-खोबरे ठेवून वाटतात. माझ्या वतीने तू वाट. आणि तारीख लिहून ठेव, मला हवी आहे.'
गूळ-खोबरे आणून डब्यात ठेवले. फळीचे काय कळवायचे? लिहिले: घर पूर्ण सुरक्षित आहे, काळजी करू नकोस.

२१ नोव्हें.
आठवडाभर एक ओरखडा नाही. मी घरी येते तेव्हा झोपलेली असते. चिडचिड गेली, फळीला धरून बडवणे गेले. शिस्त लागली. रखमाला तसे बोलून दाखवले. तिने पदर तोंडाला लावला. लाजली वाटते.
कुसुमलाही कळवले: फार शहाणी झाली आहे.

२६ नोव्हें.
दूध टाकते. उभी केली तर पाय रोवत नाही, मटकन बसते. चेंडू घरंगळत पायापर्यंत आला, हात लावला नाही.
रखमा म्हणते, "थंडीनं आळसावलीया."
थंडी तर मलाही आहे.

२८ नोव्हें.
डोके दुखत होते म्हणून दुपारीच घरी आले. रखमा मांडीवर शकूला घेऊन वाटीत काही उगाळत होती. बोट शकूच्या तोंडाशी. वाटी हुंगली. अफू.
"बाळगोळी हाय, बाई. लई न्हाई, मोहरीएवढी. म्या माज्या पाची पोरांला दिली. खुरपाया जायाचं तर पोर बांधावर निजाया नगं?"
मला का सांगितले नाहीस, विचारले.
"तुमीच म्हनला न्हवं, वरखडा दिसाया नगं? मंग जागं पोर कसं ऱ्हाईल बिनवरखड्याचं?"
पाचातली किती आहेत, विचारले.
"दोन."


२९ नोव्हें.
डॉक्टरांकडे. एकदम बंद करायची नाही म्हणाले, जिवावर बेतेल. रोज थोडी कमी. वाढीवर काय परिणाम झाला, ते आज सांगता येत नाही. नंतर? "बघू."
म्हणजे उद्यापासून गोळी मी माझ्या हाताने द्यायची.
रखमाला काढले नाही. काढायचे तर आधी मला काढायला हवे.

२ डिसें.
शाळेला रजा. रडणे, जुलाब, अंगाला कापरे. माझ्याकडे राहत नाही. रखमाच्या खांद्यावर थोडी शांत होते. ती फेऱ्या घालते, मी दुपटी धुते. यादीतल्या एकाही वस्तूने तिला इजा केली नाही.

६ डिसें.
गोळी संपली. रडणेही संपले. डॉक्टर "ठीक" म्हणाले, पण तिच्याकडे बघून नाही.
कुसुमचे कार्ड, अक्षर परक्याचे, बहुधा तिथल्या नर्सचे. दोनच ओळी: 'उंबरा ओलांडला का? तारीख कळव.'

९ डिसें.
गणपाला बोलावून फळ्या उखडल्या.
"काडायच्या व्हत्या तर लावल्या कशापायी, बाई?"
त्याच फळ्यांचे आडावर झाकण करून घेतले. अर्ध्या दिवसाचे काम. पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते.

१० डिसें.
सकाळपासून मागच्या उंबऱ्यापाशी. शकू आत, मी बाहेर. ठेवली तशी बसते. दौत धुऊन माझ्यापुढे ठेवली आहे, तिला दिसेल अशी. मागे रखमा बसून: "ये गं माजी बाय, ये."
दौतीकडे बघते आहे. बराच वेळ. हात पुढे केला नाही.
गूळ-खोबऱ्याचा डबा उघडून पाहिला. खोबऱ्याला वास यायला लागला आहे.
टपाल चारला निघते. कुसुमच्या कार्डावर पत्ता तेवढा लिहून झाला आहे.