सासुरवाडीत पट्ट्या घासताना

शनिवार, ७. संध्याकाळ
पोचलो. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडी. गेल्या वर्षी आम्ही कोणालाही न विचारता सह्या करून लग्न केलं. कॉलेज दोघांनीही अर्ध्यावर सोडलं. मी तत्त्वासाठी, तिने माझ्यासाठी.
ठराव. एक : रागवायचं नाही. दोन : सासऱ्यांना खिशात टाकायचं. तीन : गुरुवारच्या बसने राणीला घेऊन परत. (यात चर्चा नाही.)
सासऱ्यांचं फोटो-फ्रेमचं दुकान, मागे घर. सासूबाई, थोरला मेहुणा, सगळे त्याच धंद्यात. शिवाय सासऱ्यांची बहीण. तिला सगळे आत्या म्हणतात. मी मनात फौजदार म्हणतो.
राणीला इथे 'मास्तर' म्हणतात. का, तर तिचं माप कधी चुकत नाही. कानाला सहन होत नाही. माझी राणी, आणि मास्तर!

रविवार, ८
राणीची झोपायची सोय फौजदारांच्या खोलीत. माझी दुकानामागच्या खोलीत, लोकांच्या तयार फोटोंबरोबर. समोर कोणाचे तरी मिशीवाले आजोबा. 'शिक्षण किती?' अशा नजरेने बघतात. विरहात मनुष्य वाळतो म्हणतात. पँट सैल झालीय का बघितलं. अजून नाही.
पहिला ठराव मोडला, पण कारण रास्त होतं. सकाळी चहाला मेहुणे म्हणाले, मास्तर, तुझं शेवटचं वर्ष तेवढं राहिलंय, इथल्या कॉलेजात घेतील, मी बोललोय प्राचार्यांशी. राणीने मान खाली घातली. म्हणजे नाही. मी तिला ओळखतो. मी म्हटलं, कॉलेजने कोणाचं भलं झालंय? फौजदार म्हणाल्या, तुमचं झालं असतं की, शेवटपर्यंत बसला असतात तर!
बशी आपटली. हलकेच. तडा आधीचाच असणार.
सासरे फक्त म्हणाले, जावईबापू, जरा या पट्ट्या घासून देता का? फ्रेमच्या लाकडी पट्ट्या आणि पॉलिश पेपर. आल्या आल्या धंद्यात घेतलं! जरा आवाज केल्याशिवाय माणसाची किंमत कळत नाही, हेच खरं.

सोमवार, ९
आजही पट्ट्या. सकाळी राणीला म्हटलं, खोली बदलून माग. ती म्हणाली, आत्याला उठाबसायला मी लागते रे. दार जरा जोरात लागलं. बाहेर येतो तो सासूबाईंनी पट्ट्यांचा भारा माझ्या पुढ्यात ठेवलेला. यांचं माझ्यावाचून पान हलत नाही. सासऱ्यांच्या मनात भागीदारी असावी. लगेच हो म्हणायचं नाही. दुसरी शाखा मी बघेन.
राणी काउंटरमागे काच कापते. श्वास रोखून कटरने एकच रेघ ओढते, टेबलाच्या काठावर ठेवून किंचित दाबते. टक. सरळ दोन तुकडे. मग हसते. आमच्या भाड्याच्या खोलीवर ती अशी हसल्याचं आठवत नाही. बिचारी. माहेरच्यांसमोर आनंदी दिसावं लागतं.

मंगळवार, १०. दुपार
घात. मेहुणे शेजारी येऊन पट्ट्या घासायला बसले. म्हटलं, तुम्हीसुद्धा? म्हणाले, अहो, सकाळी वखारवाल्याशी फोनवर कडाक्याचं भांडलो. आमच्याकडे नियमच आहे, डोकं तापलेल्याच्या हाती काच द्यायची नाही. त्याला पट्ट्या. आतून फौजदार म्हणाल्या, जावईबापू आल्यापासून पट्ट्यांचा साठाच साठा आहे हो, आणखी महिनाभर राहिले तर कारखाना निघेल! सगळे हसले.
राणीसुद्धा.

मंगळवार. संध्याकाळ
मी शांत आहे हे सिद्ध करायला गेलो. गिऱ्हाइकाची काच टेबलावर होती. कटर उचलला. राणी म्हणाली, ठेव ना रे. रेघ ओढली. फिकी वाटली म्हणून तिच्यावरूनच दुसरी ओढायला लागलो. सासरे ओरडले, दुसरी नको! आता ओरडलं की मी थांबत नाही, हा स्वभाव आहे. रेघेवर रेघ पडली की काच स्वतःच्या मनाने फुटते, हे आधी सांगायला हवं होतं. मी दाबली. वाकडी फुटली. निसटलेला तुकडा धरायला राणीने हात घातला.
तळहात. टाके पडले. मेहुण्यांनी स्कूटरवरून नेलं, मी मागून धावत गेलो. अनवाणी, हे दवाखान्यात कळलं.
कोणी काही बोललंच तर उत्तर तयार आहे.

बुधवार, ११
राणीशी बोललो. म्हटलं, बॅग भर, ही जागा आपल्याला लाभत नाही. ती म्हणाली, मी राहतेय. वर्ष पुरं करते.
म्हटलं, दादाने कान भरले तुझे. ती म्हणाली, प्राचार्यांशी बोल असं दादाला मीच सांगितलं होतं. आपण निघायच्या आधीच.
म्हटलं, मग आपण इथे आलो कशाला? ती म्हणाली, तुला सांगायला. तिथे सांगितलं असतं तर तू काय फेकलं असतंस कोण जाणे. इथे चार माणसं तरी आहेत.
म्हटलं, मला घाबरतेस? तिने बँडेजकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, जीव आहे रे माझा तुझ्यावर. पण खोलीवर मी दबकून चालते. तुझं लक्ष नसतं.
मी दुकानात गेलो. कोणी न सांगता पट्ट्या घासायला बसलो.

गुरुवार, १२. बसमध्ये
पूर्ण विचारांती निर्णय घेतला. राणीला शिकू द्यायचं. घरात निदान एक पदवी असावी, हे माझं पूर्वीपासूनचं मत.
सोडायला सगळे आले. सासूबाईंनी डबा दिला. फौजदार म्हणाल्या, सांभाळून जा हो, आणि पाठीवरून हात फिरवला. डोळ्यांत काहीतरी गेलं. स्टँडवर धूळ फार. राणीने डाव्या हाताने माझा हात धरला. म्हटलं, सुट्टीत येशील ना खोलीवर? ती म्हणाली, रोज फोन कर. तुझ्या आवाजावरून ठरवेन.
सोपं आहे. आवाज हा माझा प्लस पॉइंट.
फोन पोचल्यावर करायचा होता, बस गावाबाहेर पडताच केला. तिने उचलला. म्हटलं, हॅलो, मी बोलतोय. ती म्हणाली, ओरडू नकोस, ऐकू येतंय.
मी ओरडत नव्हतो. शेजारचे गृहस्थ उठून पुढच्या सीटवर गेले, ते खिडकीसाठी.